धोंड्याचे निव्वळ वजन

१

दुपारी दीड वाजता जो धोंडा मी स्वतःच्या डोळ्यांनी चौथऱ्यावर पाहिला होता, तो सव्वादोन वाजता तेथे नव्हता. मागे उरला होता केवळ तळहाताएवढा एक तेलकट, तांबडा डाग.

धोंडा ही काही खिशात घालून नेण्याची वस्तू नव्हे. किल्लारीशेजारच्या एका गावात मारुतीपुढे ठेवलेला, शेंदराचे थर चढून चढून गुळगुळीत झालेला हा थोरला धोंडा. गावकरी त्याचे वजन तीन मण, म्हणजे एकशेबारा किलो, सांगत. भूकंपापूर्वी दूरचित्रवाणीवर ‘कस’ नावाचा अंगमेहनतीच्या सामन्यांचा कार्यक्रम लागे. दोर चढणे, वाळूतून धावणे, असे पाच सामने होत आणि अखेरची कसोटी म्हणून हा धोंडा खांद्यावर घ्यावा लागे. त्र्याण्णवच्या सप्टेंबरात गाव पडले, तसा कार्यक्रमही पडला. आता दहा वर्षांनी लातूरच्या एका वाहिनीने त्याचे पुनरुज्जीवन आरंभले होते आणि पहिल्या भागासाठी तोच धोंडा टेम्पोतून शहराबाहेरच्या या मैदानावर आणला होता.

मी वीरभद्र, वजनमापे खात्याचा निवृत्त निरीक्षक. धर्माबादच्या मिरचीबाजारात तीस वर्षे मी तराजूंशी आणि तराजूवाल्यांशी भांडलो. निवृत्तीनंतर नांदेडला निवांत बसावे, तर या मंडळींनी मला वजनपंच म्हणून बोलावले. मे महिन्याचे ऊन, पंख्याविना मंडप, आणि आता हे.

“आप्पा, मला पाचपर्यंत वेळ आहे,” निर्माती शिल्पा म्हणाली. तिचा आवाज सकाळपासून ओरडून बसला होता. “पाचला धोंडा नसला, तर वाहिनीवाले आपले प्रायोजक शिवमूर्ती सर यांच्या वजनाच्या लोखंडी पाट्यांवर स्पर्धा घेणार. पुढचे सगळे भागही तसेच.”

“मग घ्या की. वजन ते वजन.”

“सरांची अट आहे, पाट्यांना वय पंचविसाच्या आत. मग मोहियोद्दीनचं काय करू?”

मोहियोद्दीन हा लातूरच्या भुसार बाजारातला हमाल. त्र्याण्णवच्या त्या शेवटच्या रविवारी श्रीमंत पाटलाने धोंडा खांद्यावर घेऊन विक्रम केला. पुढच्या रविवारी पाळी होती मोहियोद्दीनची. मधल्या गुरुवारी पहाटे भूकंप झाला. तो ‘पुढचा रविवार’ यायला दहा वर्षे लागली आणि मोहियोद्दीन आता अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. आज हुकले तर कायमचे हुकले, हे त्यालाही कळत होते आणि मलाही.

२

आरंभी मी फाटकावरच्या पहारेकऱ्याला धरले. मैदानाला एकच फाटक आणि भोवती पुरुषभर भिंत.

“जेवणाच्या टायमाला बाहेर काय गेलं?”

“काहीच न्हाई साहेब. पाण्याचा टँकर सुदिक आतच हाय.”

“आत कोण फिरत होतं?”

“फिरायचं कोण? समदे जेवून राहिले होते. हमाल तेवढे वाळूची पोती घेऊन येऊन-जाऊन होते, त्या उडीच्या खड्ड्याकडं. आणिक कुणी न्हाई.”

म्हणजे धोंडा भिंतीच्या आतच होता. तासभर आम्ही मैदान पालथे घातले. मंचाखाली पाहिले, टँकरच्या टाकीत काठी घालून पाहिली, उडीच्या खड्ड्यातली वाळू फावड्याने उपसली. वाळूखाली वाळूच निघाली. माझ्या धोतरात ती इतकी गेली की पुढची प्रत्येक चौकशी मी खाजवीत केली, हे कबूल केले पाहिजे.

संशय घेण्याजोगा पहिला माणूस श्रीमंत पाटील. तो मंडपात खुर्चीवर ताठ बसला होता. डोक्याला भगवा फेटा, छातीवर जुने पदक. त्याच्यापाशी कारण होते. त्याचा विक्रम तीन मणांचा म्हणून गाजलेला, पण तो धोंडा काट्यावर कोणीच कधी घातला नव्हता. आज मी घालणार होतो.

“वजन कमी भरलं असतं, तर तुमची अब्रू गेली असती, पाटील,” मी सरळच म्हणालो.

“गेली असती तर गेली असती,” तो म्हणाला. “दहा वर्सं खाल्ली की तिच्यावर. लोकं अजून हाटेलात च्याचे पैशे घेत न्हाईत. लई झालं.”

“दीड ते सव्वादोन कुठं होता?”

“हितंच. या खुर्चीवर. ताटसुदिक हितंच आणून दिलं त्यांनी.”

बोलता बोलता त्याच्या मांडीवरची शिट्टी खाली पडली. तो तिच्याकडे पाहत राहिला, मग माझ्याकडे. “आप्पा, तेवढी द्या की वर.”

मी शिट्टी उचलून दिली आणि चिडलो. माझ्याहून दहा वर्षांनी लहान असलेल्या मल्लाची शिट्टी मी का उचलावी? मग दिसले की त्याच्या वहाणांचे पट्टेही सुटलेलेच होते आणि सकाळपासून ते तसेच लोंबत होते. त्याच्या फेट्याखालच्या देहात कणा नावाची गोष्ट उरलेली नव्हती. या माणसाने धोंडा हलवला म्हणणे म्हणजे मी दोर चढलो म्हणण्यासारखे होते.

३

धोंड्याबरोबर गावाची प्रतिनिधी म्हणून तुळजाबाई आली होती. साठीची, काळीसावळी, मारुतीच्या गुरवाची बायको. भूकंपात नवरा गेल्यापासून शेंदराचा मान तीच सांभाळत होती. ती टेम्पोच्या सावलीत पाय पसरून बसली होती आणि धोंडा गेल्याचे तिला फारसे दुःख झालेले दिसत नव्हते. हे मला खटकले.

“बाई, तुमचा देव चोरीला गेला आहे.”

“देव कुठं जातोय? हाय तिथं हाय.”

“कुठं आहे?”

“तुमाला कायला सांगू? तुमी तर त्याला बारदान म्हनून राहिले होते.”

हे खरे होते. सकाळी सर्वांसमक्ष मी नियमावली वाचली होती, आणि तिचे सातवे कलम मीच लिहिलेले होते: विक्रम निव्वळ वजनाचा धरला जाईल, सबब धोंड्यावरील शेंदूर खरवडून मगच तो काट्यावर घालावा. बाईने विचारले, “खरवडायचं म्हंजी?” मी तिला समजावले की मालाबरोबर पोत्याचेही पैसे लावणारे व्यापारी मी आयुष्यभर पकडले, पोते जसे बारदान, तसा शेंदूरही बारदान, ते वजनातून गेलेच पाहिजे. माझा युक्तिवाद बिनतोड होता. ती उठून टेम्पोमागे निघून गेली होती.

मोहियोद्दीन पलीकडे निंबाखाली उघड्या जमिनीवर मांडी घालून बसला होता. रुंद माणूस, दाढीत निम्मे पांढरे. मी जवळ जाताच हसला.

“या साहेब. माझी झडती घ्यायला आले? घ्या. खिशात चुनातंबाखू हाय, धोंडा न्हाई.”

“तुला राग नाही आला? दहा वर्षे थांबलास.”

“राग येऊन काय करता? तवा भूकंप आला, आता चोर आला. नशीबच आपलं क्यामेऱ्यासमोर यायला लाजतंय.”

“जेवलास कुठं?”

“जेवलो न्हाई. पोट भरून वजन उचलतात का कोणी? पोरं वाळू टाकून राहिली होती, त्यांना जरा हात दिला.”

“त्या गावाशी तुझी ओळख जुनी?”

“माझी पाळी व्हती ना त्या ऐतवारी, त्या ऐतवारी मी तिथंच व्हतो. मदतीचा ट्रक घेऊन गेलो अन् चार दिवस दगडं उपसली. अक्का तवाची ओळखीची.”

टेम्पोच्या सावलीतून अक्काने हाक मारली, “मोहिद्दीनभाऊ, साहेबाला सावलीला तरी बसीव! डोस्कं तापलंय त्याचं!”

माझे डोके खरोखरच तापले होते. जमीन इतकी पोळत होती की मला उभेही राहवेना. आणि हा माणूस तीवर बसून हसत होता. सकाळी तो असा बसला नव्हता, एवढे मला पुसट आठवले. नेमके काय वेगळे होते ते आठवेना. चार वाजले होते.

४

शिवमूर्ती सर हे वैद्यकीय प्रवेशाच्या शिकवणी वर्गांचे मालक आणि या कार्यक्रमाचे सगळ्यांत मोठे प्रायोजक. शहरात त्यांच्या वर्गाला जागा मिळावी म्हणून माणसे परभणीहून येऊन खोल्या घेत. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा आणि त्याच्या खिशात तीन पेने.

“तुम्हाला धोंडा नकोच होता,” मी म्हणालो.

“नव्हताच. लपवून काय करू?” सर शांतपणे म्हणाले. “धोंडा काय शिकवतो आमच्या पोरांना? त्याला ना माप ना प्रमाण. पाटी कशी, वीस म्हणजे वीस. हे बघा, तीनशे चाळीस किलो लोखंड आणलंय मी. सतरा पाट्या. कोण देतो एवढं?”

“बारा,” मी म्हणालो.

“सतरा. आत्ता पोरांनी मोजल्या.”

“सर, सकाळी त्या मी काट्यावर घातल्या. एकेक. वीस किलोच्या बारा पाट्या. दाखल्यावर माझी सही आहे.”

“मग दाखला चुकला तुमचा.”

तीस वर्षांत हे वाक्य मला कोणी ऐकवले नव्हते. मी रागाने ढिगापाशी गेलो आणि मोजल्या. सतरा होत्या. पुन्हा मोजल्या. सतराच. सबंध दिवसात जी एक वस्तू नाहीशी व्हायला नको होती ती नाहीशी झाली होती, आणि जिची वाढ व्हायचे कारण नव्हते तिच्यात पाचांची वाढ झाली होती. असल्या हिशेबाला काय म्हणावे?

मी तेथेच एका पाटीवर बसलो. समोर कॅमेऱ्याची क्रेन हळूच वर गेली, मंडपावरून फिरली आणि खाली आली. पलीकडल्या टोकाशी भिजवलेल्या गोणपाटाने झाकलेली तिची शेपूट तितक्याच हळुवारपणे खाली-वर झाली. ती चालवणारा यासेर नांदेडचा पोरगेला कारागीर. तो माझ्याकडे पाहून हसला.

“बघा साहेब, कशी लोण्यासारखी चालून राहिली! सकाळी शेपूट जराशी जड होती, हात दुखला माझा. जेवण झाल्यापासून एकदम बरोबर.”

“शेपटीत काय असतं रे?”

“वजनं. पुढं जेवढा क्यामेरा, त्या मापानं मागं पाट्या. सरांसारख्याच पाट्या असतात, व्यायामशाळेतल्या. उन्हानं तापतात म्हणून गोणपाट टाकून पाणी मारतो.”

“जेवणानंतर उघडून पाहिलंस?”

“कायला? दोरीनं बांधून गेलो होतो. आलो, पाणी मारलं, दोरी सोडली, सुरू.”

मी उठलो. कित्येक तासांनी प्रथमच माझ्या अंगावरचा घाम गार लागला.

५

मोहियोद्दीन निंबाखाली तसाच होता. तुळजाबाई त्याच्याशेजारी येऊन बसली होती. मी दोघांसमोर उभा राहिलो आणि आवाज खाली ठेवला.

“तुझं पोतं कुठं आहे, मोहियोद्दीन? सकाळी तू त्यावर बसला होतास. हमाल खांद्यावरचं रिकामं पोतं कधी टाकत नाही. दुपारनंतर तू या तव्यासारख्या जमिनीवर बसला आहेस.”

त्याने निंबाच्या बुंध्याला पाठ टेकली.

“धोंडा दोघांनी झोळीत घालून नेला असता, तर साऱ्या मंडपाने पाहिला असता. पण पाठीवर एक पोतं घेऊन एक हमाल मैदान ओलांडतो, हे सकाळपासून इथं चाललंच होतं. पहारेकऱ्याने तुला पाहिलं आणि मोजलं नाही. म्हणजे न्यायचा तर तो एकट्यानेच नेला पाहिजे, आणि इथं एकट्याने उचलू शकेल असा माणूस एकच. पाटलाला स्वतःची शिट्टी उचलत नाही.”

“मोठा मल्ल हाय तो, साहेब. असं बोलू नका.”

“धोंडा क्रेनच्या शेपटीत आहे. त्याच्या बदल्यात तू पाच पाट्या काढल्यास आणि सरांच्या ढिगात ठेवल्यास. चारही नव्हेत आणि सहाही नव्हेत. काट्यावर न तोलता, केवळ पाठीवर घेऊन तू ओळखलंस की हे शंभराच्या किंचित आत आहे. यासेर म्हणतो, त्याच्याहून तुझा तोल बरा. हे ज्याचं आयुष्य पोत्यांखाली गेलं, त्यालाच जमतं. एवढं मला सुटलं. पण का? याच धोंड्यासाठी तू दहा वर्षे थांबलास. तूच तो लपवलास, हे मला कोणत्याही तर्काने सुटत नाही.”

उत्तर तुळजाबाईने दिले. ती माझ्याकडे पाहत नव्हती.

“माझा मालक दर शनिवारी लावायचा शेंदूर. वरचे थर माझ्या हातचे. आतला त्याच्या हातचा. घर गेलं, तसबीर गेली, त्यो गेला. जाळतानी तोंडसुदिक दावलं न्हाई कुनी. येवढाच थर राहिला. ह्या भावानं धोंडा मातीतनं काढला तवा म्या बोटानं चाचपून बघितलं, हाय का म्हनून. अन् तुमी म्हनले, बारदान.”

मोहियोद्दीन जमिनीवर बोटाने रेघा ओढत होता. “अक्का सकाळी रडली, साहेब. भूकंपात न्हवती रडली. मग मी काय करतो?”

साडेचार वाजले होते. वाद घालण्याची माझी सवय मोठी. मी मंडपाकडे निघालो.

६

मी शिल्पाला आणि शिवमूर्ती सरांना गाठले. धोंडा सापडला असे म्हटले नाही. सापडला तर शेंदरासहित वजन धरावे, सातवे कलम गाळावे, एवढेच मांडले.

“मला चालेल! आप्पा, आत्ता आणा!” शिल्पा म्हणाली.

“मला नाही चालणार,” सर म्हणाले. त्यांनी फायलीतून नियमावली काढून पुढे धरली. “कलम सात. सही तुमची. जाहिरातीतही ‘निव्वळ वजन’ छापलंय. आप्पा, अर्ध्या मार्काने पोरगं मेडिकलला हुकतं, तेव्हा कोणी शेंदरासहित धरतं का? नियम तुम्हीच इतका चांगला लिहिलाय, की त्यात बोट घालायला जागा नाही.”

मी पाच मिनिटे जागा शोधली. खरोखरच नव्हती. असे कलम लिहिल्याबद्दल एरवी मला अभिमान वाटला असता. वाहिनीच्या माणसाने फोनवरून सरांच्या बाजूने निकाल दिला आणि लाऊडस्पीकरवर पाट्यांच्या स्पर्धेची घोषणा झाली.

निंबाखाली परतून मी झाले ते सांगितले. तुळजाबाई उठून उभी राहिली.

“मग खरवडा. होऊ द्या. भावानं दहा वर्सं वाट बघितली. त्याला उचलू द्या.”

“अक्का, गप बस.”

“मी सांगून राहिले ना! माझा मालक असता तर त्येनं सोता खरवडला असता.”

“तो असता तर खरवडू दिला असता मी. तो न्हाई म्हणून तर न्हाई.” मोहियोद्दीन उठला, कमरेचा गमछा आवळला. “टेम्पो मागं घ्यायला सांगा साहेब. अक्काला उजेडात गावाला पोचू द्या.”

“एकदा विचार कर. मी अजून भांडतो. वरच्या लोकांशी बोलतो.”

“तुमी लई भांडलात साहेब. बसा आता.”

आम्ही क्रेनपाशी गेलो. दुसरा कॅमेरा मंचावर सरांच्या भाषणात गुंतला होता आणि मंडपातली सारी तोंडे तिकडेच होती. मोहियोद्दीनने गोणपाट बाजूला केले. त्याच्या पोत्यात बांधलेला धोंडा शेपटीच्या पिंजऱ्यात बसला होता. पोत्याच्या विणीतून शेंदूर झिरपून तांबडा दिसत होता.

“अरे उस्ताद! थांबा!” यासेर ओरडत धावला. “ते काढलं की माझा क्यामेरा खाली येईल!”

“मग धर त्याला.”

यासेरने कॅमेऱ्याला मिठी मारली. इकडे मोहियोद्दीनने गुडघे वाकवले, धोंड्याखाली हात घातले, एकदा श्वास सोडला आणि तो मांडीवर घेतला. मांडीवरून छातीवर. छातीवरून, मानेच्या शिरा दोरासारख्या फुगवीत, खांद्यावर. शेपूट वर गेली. पुढचे टोक यासेरला घेऊन खाली आले आणि कॅमेरा तोंड खाली करून मातीत टेकला.

“शिल्पाताई! इकडे!” मी ओरडलो. लाऊडस्पीकरपुढे माझा आवाज मलाही ऐकू आला नाही.

मात्र कोणीतरी ऐकले होते. मंडपाच्या कडेला श्रीमंत पाटील खुर्चीच्या दोन्ही हातांवर भार देऊन उभा राहिला होता. त्याला किती दुखले असेल ते त्याच्या चेहऱ्यावर होते. सुटलेल्या वहाणा फरफटवीत तो दहा पावले पुढे आला.

“एक,” तो मोठ्याने म्हणाला. “दोन.”

जुन्या ‘कस’मध्ये पंच असेच मोजत. खांद्यावर पाच अंक टिकला की उचल मान्य.

“तीन. चार. पाच.”

मोहियोद्दीन थांबला नाही. टेम्पो साठ पावलांवर होता. पाटीलही थांबला नाही. पंधरा, सोळा, सतरा असे मोजत तो मागून चालत राहिला. तिसाच्या पुढे त्याचा आवाज चिरकू लागला. तुळजाबाई पुढे होऊन टेम्पोचे फळकूट उघडत होती.

खांद्यावरचे ओझे तसेच ठेवून मोहियोद्दीन मान न वळवता म्हणाला, “पाटील, मोजू नका हो. हसू यायला लागलंय मला.”

“चाळीस,” श्रीमंत म्हणाला.